मुदतीचा शिरस्ता

८ एप्रिल २०१४ रोजी, मंगळवारी, विंडोज एक्सपी या संगणक-प्रणालीची मुदत संपली. आणि मुदत संपली म्हणजे नेमके काय झाले हे पाहण्यासाठी त्या दिवशी कोणी एखाद्या कचेरीत जाऊन बसला असता, तर त्याला काहीच झालेले दिसले नसते. यंत्रे रोजच्यासारखी सुरू झाली, तेच हिरवे टेकाड आणि तेच निळे आभाळ पडद्यावर उमटले, कारकुनांनी कालचे हिशेब आज पुढे ओढले आणि संध्याकाळी दिवे मालवून मंडळी घरी गेली. घडले होते ते दूर अमेरिकेत. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीच्या तटबंदीला जी जी भगदाडे सापडत, ती साडेबारा वर्षे मायक्रोसॉफ्ट लिंपून देत आली होती. यापुढे ती कोणी लिंपणार नव्हते. त्या दिवशीही जगातल्या दर चार मेजांवरील संगणकांपैकी एकाहून अधिक संगणक एक्सपीवरच चालत होते, आणि ब्रिटिश सरकारने तर आपल्या खात्यांतील यंत्रांची आणखी एका वर्षाची डागडुजी व्हावी म्हणून ५५ लाख पौंड मोजून मुदतवाढ विकत घेतली होती.

प्रोग्रॅमर मंडळी या क्रियेला ‘सपोर्ट ड्रॉप करणे’ म्हणतात. आधार, पाठबळ, देखभाल हे आपले शब्द तिच्या आसपास फिरतात, पण तिला पुरते कवटाळीत नाहीत. कारण सपोर्ट म्हणजे दुरुस्ती खरी, पण त्याहून अधिक ते एक अभिवचन असते, की तुमच्याकडे जे जुने आहे त्याचा विचार आम्ही नवे करताना ठेवू. हे अभिवचन केव्हा मागे घ्यावे, ते मागे घेण्याचा अधिकार कोणाचा, आणि मागे घेताना किती आधी दवंडी पिटावी, याविषयी गेल्या साठ वर्षांत हळूहळू एक शिरस्ता पडत गेला आहे. त्या शिरस्त्याचा इतिहास तंत्रज्ञांनी फारसा लिहिलेला नाही, कदाचित त्यात तंत्रापेक्षा कारभारच अधिक आहे म्हणून.

आरंभ झाला तो मात्र टाकून देण्यापासून नव्हे, सांभाळून घेण्यापासून. १९६४ पूर्वी नवे यंत्र घेणे म्हणजे जुन्या यंत्रासाठी लिहून घेतलेले सर्व प्रोग्रॅम पाण्यात सोडणे, असा सरळ व्यवहार होता. त्या वर्षी ७ एप्रिलला आयबीएमने सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली आणि मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही तसाच चालेल असे वचन दिले. इतकेच करून ती कंपनी थांबली नाही, तर आपल्या १४०१ या जुन्या यंत्राच्या गिऱ्हाइकांना दुखवू नये म्हणून नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घेण्याची विद्याही तिने शिकवली. त्या घराण्याच्या आजच्या यंत्रांवर त्या काळचे प्रोग्रॅम अजून चालू शकतात. इतके लांब पाळलेले वचन या धंद्यात दुसरे आढळणे कठीण. पुढे १९६९ मध्ये याच कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत यंत्राच्या किमतीपासून विलग केली. तोवर प्रोग्रॅम यंत्राबरोबर, आंदणासारखा येत असे. त्याला स्वतंत्र मोल आले तसा त्याच्या देखभालीलाही स्वतंत्र मोल येण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि ज्याला मोल आहे त्याला आज ना उद्या मुदत लागायचीच.

तरी ही मुदत कागदावर लिहून जाहीर करण्याची चाल पडायला आणखी तेहतीस वर्षे गेली. मधल्या काळात सगळा कारभार भिडेचा होता. विंडोज ९५ तयार होत असताना असे आढळले, की ‘सिमसिटी’ हा लोकप्रिय खेळ सोडून दिलेल्या स्मृतीच्या जागेतून पुन्हा वाचतो. जुन्या प्रणालीत ही चूक खपून जात होती, नव्या प्रणालीत खेळ कोसळला असता. दोष खेळाचा होता. परंतु ज्याने घरी नवी प्रणाली बसवली आणि ज्याचा आवडता खेळ बंद पडला, तो शिव्या कोणाला देईल हे मायक्रोसॉफ्टला पक्के ठाऊक होते. म्हणून प्रणालीनेच सिमसिटी चालू आहे का हे ओळखावे आणि असल्यास मोकळी झालेली जागा लगेच दुसऱ्या कोणास देऊ नये, अशी खास तजवीज करण्यात आली. ही ममता हृद्य आहे यात संशय नाही, परंतु अशा शेकडो ममतांचे ओझे प्रणालीच्या पाठीवर साचत जाते आणि पुढच्या पिढीतील एखादा तरुण प्रोग्रॅमर या गाठी कोणी व का मारल्या असतील याचा विचार करीत रात्री जागवतो, हेही तितकेच खरे.

ऑक्टोबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सपोर्टच्या कालमर्यादेचे धोरण जाहीर केले, आणि २००४ मध्ये ते सुधारून धंद्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरला पाच वर्षे मुख्य व पाच वर्षे जादा, अशी एकूण दहा वर्षांची हमी दिली. या विषयातला पहिला खरा तहनामा म्हणावा तर हाच. पण तहनामा झाला आणि मुदतवाढीचा रोगही त्याच्याबरोबर जन्मला. विंडोज ९८ ची देखभाल जानेवारी २००४ मध्ये थांबायची होती. दिवस अगदी तोंडावर आला तेव्हा कंपनीने ती जून २००६ पर्यंत लांबवली आणि शेवटची डागडुजी प्रत्यक्षात जुलैत केली. मुदतवाढ ही कर्जमाफीसारखी असते. जिला ती मिळते ती रयत दुवा देते, आणि ज्यांनी वेळेवर भरणा केला ते मनातल्या मनात स्वतःला मूर्ख ठरवतात.

विंडोज ९८ ची ही जादा दोन-अडीच वर्षे आपल्याला वाटते तितकी परकी नाहीत, मराठी लिहिणाऱ्यांशी त्यांचा निकटचा संबंध आहे. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान १९९१ पासूनच होते, आणि ते स्थान भारतीय लिप्यांसाठी आधी तयार झालेल्या इस्की या प्रमाणसंकेताच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच आखलेले होते. परंतु स्थान असणे वेगळे आणि अंमल बसणे वेगळे. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार आणि दऱ्याखोऱ्यांतला तो अर्धा र यथास्थित मांडण्याची विद्या विंडोजमध्ये प्रथम आली ती विंडोज २००० मध्ये, मंगल या टंकासह. एक्सपीत ती होती, पण झाकून ठेवलेली, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची तेव्हा ती जागी व्हायची. आणि विंडोज ९८ मध्ये यंत्रणेच्या पातळीवर ती नव्हतीच. म्हणून त्या काळचे मराठी छापखाने, वर्तमानपत्रे व कचेऱ्या आपापल्या सॉफ्टवेअरचे टंक वापरीत. या टंकांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बिऱ्हाडकरूंसारखे राहत असत. यंत्राच्या लेखी तिथे ‘क’ नसेच, एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे, ज्याला मराठी वेष चढवलेला होता. तो टंक ज्याच्याकडे नाही त्याला पानभर अर्थहीन चिन्हांचा सडा दिसे.

तेव्हा २००४-०५ च्या सुमारास मराठीत संगणकावर काही प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न उभा होता: युनिकोडचा अंगीकार करून जुन्या यंत्रांवरचा वाचक सोडावा, की जुना टंक धरून राहावे आणि आपला मजकूर शोधयंत्रांना, पुढच्या प्रणालींना आणि परगावच्या वाचकाला कायमचा परका करावा? काहींनी बराच काळ दुसरा मार्ग धरला. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. त्या वर्षांतले माझे काही लेख एका जुन्या टंकात बंदिस्त आहेत. पुढे एका परिवर्तक सॉफ्टवेअरमधून ते बाहेर काढले तेव्हा ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या आणि काही जोडाक्षरांची फारकत झाली होती, आणि हा दोष कोणाच्या माथी मारावा हे मला आजही ठरवता येत नाही. सोडायला हवे होते ते मी वेळेवर सोडले नाही, एवढेच खरे.

जुन्याला धरून राहण्याची किंमत जगाला सर्वांत अधिक मोजावी लागली ती इंटरनेट एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरच्या सहाव्या आवृत्तीपायी. ही आवृत्ती २००१ च्या ऑगस्टमध्ये आली, पुढची यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला, आणि मधल्या पाच वर्षांत ती कचेऱ्याकचेऱ्यांत अशी रुतून बसली की वेबपाने रचणाऱ्यांचा अर्धा दिवस नवे काही करण्यात आणि अर्धा दिवस तेच सहाव्या आवृत्तीत मोडणार नाही हे पाहण्यात जाई. २००९ च्या जुलैमध्ये यूट्यूबच्या काही प्रोग्रॅमरांनी, वरिष्ठांची रीतसर मंजुरी न घेता, या आवृत्तीतून येणाऱ्या प्रेक्षकाला वरच्या बाजूस एक सूचना दाखवायला सुरुवात केली, की तुमच्या ब्राउझरचा सपोर्ट लवकरच बंद होईल, दुसरा घ्या. लवकरच म्हणजे केव्हा, हे ठरलेले नव्हते, कारण कोणी ठरवलेच नव्हते. वरिष्ठांना पत्ता लागेपर्यंत लोक ब्राउझर बदलू लागले होते, आणि मग प्रत्यक्ष मुदत ठरली ती १३ मार्च २०१० ही. फर्मान आधी आणि दरबार मागाहून भरला, अशी ही गोष्ट आहे, आणि तिच्यातला खट्याळपणा मला आवडत असला तरी तो शिरस्ता व्हावा असे मी म्हणणार नाही. २०११ च्या मार्चमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या या अपत्याच्या अंताची उलटी गणती मांडली. तेव्हा जगातील बारा टक्के आणि चीनमधील ३४.५ टक्के वापर अद्याप त्याच आवृत्तीवर होता.

ऑस्ट्रेलियात कोगन नावाच्या दुकानदारी कंपनीने २०१२ मध्ये याहून रोखठोक उपाय केला. इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीतून खरेदी करणाऱ्याच्या बिलावर तिने ६.८ टक्के जादा आकार लावला. ती आवृत्ती निघाल्याला जितके महिने झाले, त्या प्रत्येक महिन्याला ०.१ टक्का, असा हिशेब. आपल्याकडच्या सराफाला यात नवे काही वाटले नसते. जुने किंवा परमुलुखाचे नाणे घेऊन आलेल्याकडून बट्टा कापण्याचा त्याचा व्यवहार पिढीजात होता, आणि त्या व्यवहाराचे तत्त्वही हेच, की तुझ्या नाण्यापायी मला पडणारा त्रास तू सोसावास. बट्ट्याची एक खोड मात्र अशी, की तो श्रीमंताला टोचत नाही आणि गरिबाला चुकवता येत नाही.

दक्षिण कोरियाची हकिगत याहून बिकट आहे. त्या देशाने १९९९ च्या सुमारास आपली स्वतंत्र सांकेतिक पद्धती बँका व खरेदी-विक्री यांना लावून दिली आणि ती चालवण्यासाठी एक्सप्लोररमध्येच बसणारे जोडकाम वापरले. परिणामी कायदा, बँक आणि एक परदेशी ब्राउझर यांची अशी गाठ बसली, की ती सोडवण्यात वीस वर्षे गेली. १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर अखेर निवृत्त झाला, तेव्हा ग्योंगजू शहरातील एका रसिक प्रोग्रॅमरने त्याचा कोरीव समाधिलेख घडवून एका कॅफेच्या गच्चीवर बसवला.

लिनक्सच्या गाभ्याने ३८६ या चिपला निरोप दिला तो प्रसंग त्यामानाने अगदी शांत. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये ज्या यंत्रावर हे काम आरंभिले ते यंत्रच ३८६ चे होते. २०१३ च्या फेब्रुवारीतील ३.८ या आवृत्तीपासून ते त्यावर चालेनासे झाले, आणि कर्त्याने त्याबद्दल जराही हळहळ व्यक्त केली नाही.

पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात पुन्हा आपली अक्षरे येतात. दुसऱ्या आवृत्तीच्या लेखी साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ होती, आणि प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. तेव्हा ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर ती भाषा पंधरा असे उत्तर देई. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर म्हणजे युनिकोड असे ठरवले आणि उत्तर पाचावर आणले. मराठी शाळेतले पोर तीन म्हणेल, आणि माझ्या मते पोराचेच बरोबर आहे. पण पंधरावरून पाचावर येणे हीही लहान सुधारणा नव्हे. या सुधारणेपायी जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर जसेच्या तसे चालेनासे झाले. दुसऱ्या आवृत्तीची मुदत आधी २०१५ ची ठेवली होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत लांबवण्यात आली, कारण लोक हललेच नव्हते. १ जानेवारी २०२० ला मुदत भरली, एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली आणि दप्तर बंद झाले. ज्यांनी २००८ मध्येच घर बदलले त्यांना बारा वर्षे दोन्ही घरांचे भाडे भरावे लागले, ही त्या मुदतवाढीची न लिहिलेली जमाखर्चाची बाजू.

मुदत उलटल्यावर काय होते याचा दाखला १२ मे २०१७ रोजी मिळाला. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्या शुक्रवारी ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांसह जगभरची यंत्रे वेठीस धरली, आणि तीन वर्षांपूर्वी ज्या एक्सपीवर पाणी सोडले होते तिच्यासाठीही मायक्रोसॉफ्टला घाईने डागडुजी काढावी लागली. सर्वांनी एक्सपीला बोल लावला. पुढे चौकशीत निघाले ते असे, की बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती. त्यांची मुदत शाबूत होती, त्यांच्यासाठी मार्चमध्येच लेप तयार झाला होता, फक्त तो कोणी लावला नव्हता. आपल्याकडे या साऱ्याचे पडसाद २१ जून २०१८ च्या परिपत्रकात उमटले. मुंबईहून निघालेल्या त्या पत्रात रिझर्व्ह बँकेने एक्सपी व तिच्यासारख्या सपोर्ट संपलेल्या प्रणालींवर चालणाऱ्या एटीएम यंत्रांचा प्रश्न घेतला आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत पंचवीस टक्के, डिसेंबरपर्यंत पन्नास, मार्चपर्यंत पंचाहत्तर आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे बदलण्याचे हप्ते बांधून दिले. जमाबंदीच्या तगाद्याची ही जुनी रीत रुक्ष दिसते, पण ‘लवकरच’ या शब्दापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे.

आता टक्क्यांविषयी. किती टक्के लोक उरले म्हणजे सोडावे, हा या धंद्यातला सर्वांत आवडता प्रश्न. कोणी पाच म्हणतो, कोणी दोन, कोणी एक. २०१५ च्या अखेरीस वेबच्या प्रमाणपत्रांतील शा-१ ही कमकुवत ठरलेली पद्धत बंद करावयाचे ठरले, तेव्हा क्लाउडफ्लेअर या कंपनीने हिशेब मांडला की नवी पद्धत न समजणारी यंत्रे वापरणारे सुमारे तीन कोटी सत्तर लाख लोक यामुळे सुरक्षित वेबला मुकतील, आणि ते बहुतांशी गरीब व अशांत देशांतले असतील. टक्का लहान होता, माणसे एका मोठ्या देशाएवढी होती. टक्केवारीने मोजणाऱ्याला हा उरलेला वर्ग सर्वत्र सारखा विखुरलेला भासतो. वस्तुतः तो एका बाजूला साचलेला असतो, जिथे जुना फोन थोरल्याकडून धाकट्याकडे आणि धाकट्याकडून गावाकडच्या मामाकडे जातो. म्हणून मला वाटते की सोडणाऱ्याने आकडा सांगण्यापूर्वी त्या आकड्यात कोण राहतो हे सांगावे, तारीख बरीच आधी द्यावी, ती दिली की पाळावी, आणि मागे राहणाऱ्यासाठी एक पायवाट ठेवावी. या चारांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ. तिचे एक उदाहरण देऊन थांबतो.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे फुकट देते. आरंभी तिची स्वतःची मोहर कोणी ओळखत नसल्यामुळे आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेच्या मोहरेने तिचा कारभार चाले. जुनी मोहर ३० सप्टेंबर २०२१ ला बाद होणार होती, आणि नवी मोहर अँड्रॉइडच्या ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्यांना ठाऊक नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने जाहीर केले की अशा आवृत्त्यांवर चालणारे फोन एकूण अँड्रॉइड फोनांच्या ३३.८ टक्के आहेत, आणि साऱ्या जगाला नवे फोन घेऊन देणे आपल्याला परवडणारे नाही. दीड महिन्यात तोड निघाली. अँड्रॉइड आपल्याजवळच्या मूळ मोहरेची मुदत तपासतच नाही, असे ध्यानात घेऊन आयडेनट्रस्टने त्या मोहरेखाली नव्या मोहरेसाठी तीन वर्षांची सही दिली, म्हणजे जुनी मोहर बाद झाल्यावरही तिच्या नावाने व्यवहार चालू राहिला. आपल्या इतिहासात याचे नवल वाटू नये. दिल्लीचा शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी कंपनी सरकार १८३५ पर्यंत त्याच्या नावाचे रुपये पाडीत होते आणि बाजार ते निमूटपणे घेत होता. या तोडीने दुसरीकडे त्रास झाला नाही असे नाही: ओपनएसएसएल या सुरक्षा-सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरणारी काही यंत्रे नेमकी त्याच लांबवलेल्या साखळीत अडखळली आणि ३० सप्टेंबर २०२१ ला बंद पडली. जुन्या फोनांना मात्र तीन वर्षे मिळाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ती उसनी सही, आधी सांगितल्याप्रमाणे, संपली, आणि या वेळी मुदतवाढ मागितली गेली नाही.